डुक्कर छापाचा रुपया

नवे पैसे येऊन चार-पाच वर्षं झाली होती. जुने आणे-अधेले हळूहळू हातातून नाहीसे होत होते. तेव्हा बेलापुरात माझ्या काकांना अचानक जुन्या नाण्यांचं प्रेम उफाळून आलं. काका मीठ खात्यात कारकून होते आणि साहेबाला जो शौक असेल तोच त्यांना लागत असे. आधीचे साहेब गुलाब लावत, म्हणून आमच्या अंगणातल्या खाऱ्या मातीत तीन वर्षं गुलाबाची कलमं मरत राहिली. नव्या साहेबांना नाण्यांचा शौक होता. गुलाब संपले आणि घरात भिंग आलं.

ते भिंग घेऊन काका संध्याकाळी ओटीवर बसत. मिठागरावरून परतणारी माणसं थांबून बघत, कारण काकांचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा भिंगामागे बशीएवढा झालेला असे. कुणी विचारलं तर ते म्हणत, "अभ्यास चाललाय." पाच-सहा गुळगुळीत पैसे आणि एक भोकाचा पैसा, एवढ्यावर तो अभ्यास चालला होता.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडील बोटीवर नोकरीला होते आणि आई मी लहान असतानाच गेली होती. शाळा मुंबईला नन्सच्या बोर्डिंगमध्ये झाली. ती संपल्यावर मी काका-काकूंकडे येऊन राहिले. मी फारसं बोलत नसे. लोकांनी त्याचा अर्थ 'शिष्ट आहे' असा घेतला होता. तो खोडून काढायचा तर बोलावं लागलं असतं, म्हणून मी तो तसाच राहू दिला. घरात माझा उपयोग एकच होता. इंग्रजीत काही आलं की काका हाक मारत, "मॅडम, या जरा." ही थट्टा आहे असं त्यांना वाटे, पण त्यांना ते इंग्रजी वाचता येत नसे हे त्या हाकेत लपत नसे.

एक दिवस साहेबांकडून मागून आणलेली एक छापील यादी त्यांनी माझ्यासमोर ठेवली. फोर्टातल्या एका हॉलमध्ये जुन्या नाण्यांचा लिलाव होणार होता, त्याची ती यादी होती. एका नोंदीवर काकांनी पेन्सिलीने गोल केला होता.

"वाच. सावकाश वाच, आगगाडी सोडू नकोस."

नोंद एका चांदीच्या रुपयाची होती, एकोणीसशे अकरा सालच्या. त्या साली रुपयावर इंग्लंडच्या नव्या राजाचा मुखवटा आला. राजाच्या झग्यावर एक बारीक हत्ती कोरलेला होता, पण त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदूही चिडले आणि मुसलमानही चिडले. सरकारने बहुतेक रुपये परत घेऊन वितळवले आणि पुढच्या सालापासून हत्तीला नीट सोंड दिली. थोडे रुपये बाहेर राहिले होते, त्यांना शौकीन लोक डुक्कर छापाचे म्हणत. यादीतला त्यांतलाच होता. 'झळाळी उत्तम, झिजलेला नाही, वरच्या कडेला किंचित इजा.' अंदाजे किंमत अडीचशे रुपये.

काकांचा दोन महिन्यांचा पगार तेवढा नव्हता.

"साहेबांकडे हा नाहीये," काका म्हणाले. त्यांच्या दृष्टीने किंमत तिथेच ठरली.

मी सहसा मत देत नसे, पण त्या दिवशी तोंडातून गेलं. "काका, त्या सालचे सगळेच रुपये डुक्कर छापाचे असणार. मागे साल लिहिलेलं असतं, ते वाचलं की झालं. हत्ती कशाला शोधायचा?"

"साल वाणीसुद्धा वाचतो," काका म्हणाले. "जाणकार हत्ती बघतो."

असे दोन रुपये आमच्या घरातच होते आणि ते काकांना माहीत होते. काकूच्या माळेत होते.

काकू करावे गावची. तिची आई पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकायची. सुकटीचा हंगाम संपला की ती चांदीचा एक रुपया बाजूला काढायची आणि सोनाराकडून त्याला वर कडी लावून घ्यायची. असे एकवीस रुपये, मध्ये सोन्याचे मणी ओवलेले, ही काकूची लग्नातली माळ. ती लग्नाकार्याला आणि नारळी पुनवेला गळ्यात यायची. आधी चिंच आणि राख लावून काथ्याने घासली जायची, कारण काळवंडलेली चांदी गळ्यात घालून देवासमोर उभं राहणं काकूच्या माहेरी कुणाला जमलं नसतं. तीस वर्षं घासून घासून त्या रुपयांवरचे राजे नाकाडोळ्यांशिवाय उरले होते. डुक्कर किंवा हत्ती तर औषधालाही नव्हता. मागचं साल तेवढं वाचता यायचं.

भिंग आल्याबरोबर काकांनी ती माळ तपासली होती आणि निकाल दिला होता.

"कडी लागली की नाणं मेलं. वर ही धुणीभांडी. तोळा-तोळा चांदी आहे, दुसरं काही नाही."

काकू म्हणाली होती, "जित्ता कवा होता तो?"

आता अडीचशे रुपये जमवायची गोष्ट निघाली तेव्हा काकांनी पोस्टातली शिल्लक सांगितली, आणि मग काकूकडे न बघता माळेचं नाव काढलं. लिलावाच्या दिवशी सकाळी नाणी हाताळून बघता येत होती आणि बोली दुपारी होती. मधल्या वेळात माळ झवेरी बाजारात देता येईल, चांदी आणि सोन्याचे मणी मिळून कमी पडलेलं भागेल, असा हिशेब त्यांनी मांडला. रुपयाची किंमत पुढे चौपट होणार, मग एक सोडून दोन माळा करू, असंही म्हणाले.

काकू जवळा निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "रुपया घेवाला रुपये इकाचे?"

"तुला नाही कळायचं ते."

"कसं कळंल. मी मॅट्रिक नाय ना."

तिने नाही म्हटलं नाही. घरातल्या वस्तूवर पुरुषाने बोट ठेवलं की ती द्यायची, ही तिची रीत होती आणि मला त्या रीतीचा राग यायचा. दुसऱ्या दिवशी मात्र काका कामावर गेल्यावर तिने मला चुलीपाशी बोलावलं.

"बाय, तू जातंस ना त्याचे संगती?"

"वाचायला नेतायत."

"मंग नीट बघ. तुला इंग्लिस येतंय. तो रुपया खराच तवरा मोलाचा आसंल, तं जाव दे माळ. आयशीनं दिलेली हाय, पन जाव दे. नसंल, तं मना परत आन."

"काकू, मला नाण्यांतलं काही कळत नाही."

"तुजे काकाला कळतंय?" ती म्हणाली, आणि तिने माळ जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. काकांच्या हातात दिली नाही. काकांनीही मागितली नाही. गावंढळ दागिना घेऊन फोर्टात जायची त्यांना लाज वाटत होती.

आम्ही सकाळच्या एसटीने ठाण्याला आणि तिथून मुंबईला गेलो. तळवली गेल्यावर काकांनी लिलावात हात कसा वर करायचा त्याचा सराव केला. कोपर मुडपून, दोन बोटं कपाळाजवळ नेऊन. शेजारच्या माणसाला वाटलं ते नमस्कार करतायत. त्याने उलट नमस्कार केला.

हॉलमध्ये लांब टेबलांवर हिरवं कापड अंथरलेलं होतं. पंचवीस-तीस माणसं होती, सगळे पुरुष, सगळे हळू आवाजात बोलत होते. घरात कुणी आजारी असलं की लोक बोलतात तसे. काकू ज्याला मळ म्हणते त्याला तिथे छटा म्हणत. एक गृहस्थ काळ्या पडलेल्या पैशाकडे बघून डोळे मिटत होते. दुसऱ्याने एक नाणं दातांना लावलं आणि कुणी पाहिलं नाही ना हे बघितलं. मी पाहिलं होतं. मला वाटलं होतं इथे विद्वान असतील. इथे फक्त काका होते, निरनिराळ्या कोटांतले.

लिलाववाल्यांचा एक चष्मेवाला माणूस टेबलामागे बसून नाणी दाखवत होता. त्याने आमचा रुपया लहान तबकातून पुढे केला. काकांनी भिंग लावलं आणि हत्ती शोधायला लागले. बराच वेळ शोधला.

"व्हेरी गुड पिग, सर," ते शेवटी म्हणाले.

चष्मेवाल्याने मान हलवली. त्याला हसू आलं होतं. माझे कान तापले. काकांसाठी नव्हे, त्यांच्याबरोबर आल्याबद्दल.

मग काकांनी रुपया माझ्याकडे दिला, कडेला धरायचा वगैरे सूचना करून. मला खरंच नाण्यांतलं काही कळत नव्हतं. पण त्या माळेतले रुपये मी सुट्टीच्या दिवसांत काकूबरोबर बसून किती वेळा घासले होते. कडी कुठे बसते ते माझ्या बोटांना माहीत होतं. राजा सरळ उभा राहावा म्हणून ती बरोबर मुकुटाच्या वर बसते. तिथे सोनार डाख देऊन ती जोडतो, आणि डाखाखाली कडेचे बारीक दाते बुजून जातात.

ह्या रुपयाच्या कडेवरून मी बोट फिरवलं. दाते, दाते, दाते, आणि मुकुटाच्या बरोबर वर नखाएवढी जागा गुळगुळीत. तिथे कुणीतरी कानशीने नवे दाते पाडायचा प्रयत्न केला होता, पण ते तिरके पडले होते. त्या जागेची चांदी बाकीच्या चांदीपेक्षा पांढरी होती.

वरच्या कडेला किंचित इजा. हे मी घरी वाचलं होतं. त्या भाषेचा कंटाळा येऊन भराभर वाचलं होतं, आणि काकांनी ते ऐकलं नव्हतं. इतरांना हसण्यात मी इतकी गुंतले होते की कामाचा एवढा एकच शब्द माझ्याही नजरेतून सुटला.

"काका," मी हळूच म्हटलं, "ह्याला कडी होती. तोडलीय."

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. बोट लावून बघा."

"मार लागलाय तो. यादीत लिहिलंय ना."

"मार नेमका मुकुटावरच कसा लागेल?"

काकांनी चष्मेवाल्याकडे बघून हसून मान हलवली, पोरीला माफ करा अशा अर्थाने. मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. मी गप्प बसण्यात तरबेज होते. पण मांडीवर माळ होती आणि दुपारी ती झवेऱ्याच्या तराजूत जाणार होती. मी हातातला रुपया तबकात ठेवला, लुगड्याचा तुकडा सोडला आणि माळ त्या हिरव्या कापडावर ठेवली. अकरा सालचा एक रुपया शोधून तबकातल्या रुपयाशेजारी सरळ केला, मुकुटाला मुकुट लावून. कडी आणि ती गुळगुळीत जागा समोरासमोर आली.

आजूबाजूच्या माना वळल्या. काकांनी दुसरीकडे तोंड केलं, जणू ती माळ कुणीतरी दुसऱ्यानेच आणली होती.

मी चष्मेवाल्याला इंग्रजीत विचारलं की ह्या रुपयाला कडी होती ना. परक्या माणसाशी मी आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य असेल. माझा आवाज मलाच शाळेतल्या ननसारखा वाटला.

त्याने रुपयाकडे पाहिलंसुद्धा नाही. "यादीत जे लिहिलंय ते लिहिलंय. शंका असेल तर बोली लावू नये." मग त्याची नजर माळेवर गेली. "ही द्यायची आहे का? चांदीच्या भावाने घेऊ आम्ही."

"ह्यात त्याच सालचे दोन आहेत," मी म्हटलं.

"त्यांना कडी आहे, बाई."

"ह्यालाही होती."

मागे कुणीतरी खाकरलं. चष्मेवाल्याने तबक आपल्याकडे ओढून घेतलं. काका माझं मनगट धरून मला जिन्यापर्यंत घेऊन आले.

"चारचौघांत ते भांडार उघडायची गरज होती? अक्कल आहे का? कोळणीसारखी माळ पसरून बसलीस."

"कोळणीचीच आहे."

"आण इकडे. झवेऱ्याकडे जाऊन येऊ."

मी पुडकं दोन्ही हातांनी धरलं. मला भीती वाटत होती, पण ती काकांची नव्हती. एवढ्या सगळ्यानंतर मीही काकूसारखी मुकाट्याने पुडकं देऊन टाकीन याची होती.

"काकूने बघायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी बघितलं. अडीचशेचा नाही तो. तुम्हीच म्हणाला होतात ना, कडी लागली की नाणं मेलं. मग हेही मेलेलंच आहे. फक्त ह्याला दाढी करून बसवलंय."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"साहेबांना कुठे कळणार आहे?"

म्हणजे त्यांना पटलं होतं. तबकापाशीच पटलं असेल. खोटा निघो की खरा, साहेबांना दाखवायला पुरला म्हणजे झालं, एवढाच त्यांचा अभ्यास होता, आणि त्यासाठी एकवीस रुपये वितळले तरी त्यांना चाललं असतं. त्या क्षणी मला त्यांचा जो तिटकारा आला तो अजून पुरता गेलेला नाही.

"साहेबांकडेही भिंग आहे," मी म्हटलं.

हे मात्र लागलं. नाण्याची इजा, बायकोच्या आईची आठवण, माझं इंग्रजी, ह्यांतल्या कशानेही जे झालं नाही ते साहेब कड तपासतायत ह्या एका चित्राने झालं. काका जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "रुपयाला झळाळी कमीच होती तशी."

झवेरी बाजारात आम्ही गेलो नाही. पण लिलाव बघितल्याशिवाय काका निघेनात. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. तो रुपया पुकारला गेला तेव्हा दोघांच्या चढाओढीत तो तीनशे दहावर गेला. घेणारे गृहस्थ सकाळी आमच्या मागेच उभे होते. त्यांनीच खाकरलं होतं. सगळं ऐकून त्यांनी तो घेतला होता. कदाचित त्यांच्या साहेबांकडे भिंग नसेल.

परतीच्या एसटीत काका सगळा रस्ता तेच बोलत होते.

"तीनशे दहा. बघितलंस? त्याची किंमत होती म्हणून गेला ना?"

"एकाने दिले म्हणून गेला."

"तेच ते. पुढच्या साली पाचशे होईल. हातातला घालवलास."

दोन हट्टी माणसं एका खोलीत बसवली आणि मध्ये शेणाची गोवरी ठेवली, तर तीही तीनशेवर जाईल. त्यावरून गोवरीबद्दल काही कळत नाही, त्या दोघांबद्दल कळतं. एवढं साधं गणित काकांना समजावायला ठाणे-बेलापूर रस्ता पुरला नसता.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. काकू अंगणात सुकत घातलेलं कोलीम, जवळ्यासारखी बारीक मासळी, गोळा करत होती. तिने काकांकडे पाहिलं नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. मी पुडकं पुढे केलं.

"नव्हता मोलाचा?"

"नव्हता. तुझ्या माळेतल्यासारखाच होता. कडी तोडून कड घासलेला."

"मंग कोनी घेतला का नाय?"

"घेतला एकाने. तीनशे दहाला."

काकूने हात झटकले. "तेचे घरात इचाराला बाईमानूस नसंल कोन."

"हो, तू आहेस ना मोठी विचारणारी," काका पायरीवर चपला काढत म्हणाले. पुढे आठवड्याभरात त्यांनी कचेरीत सांगितलं की एक बनावट रुपया आपण नुसत्या बोटाने ओळखला, आणि साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. ती गोष्ट ते पाहुण्यांना माझ्यासमोरही सांगत. मी चहाचे कप उचलून आत जात असे.

त्या संध्याकाळी मात्र ते नुसतेच चिडलेले होते. काकूने पुडकं सोडलं, माळ दोन्ही हातांनी गळ्यात घातली, कामाच्या लुगड्यावरच, कोलमाच्या वासाच्या हातांनी, आणि टोपली कमरेला लावून चुलीकडे निघाली.

"आता ही कशाला?" काका म्हणाले. "लग्न आहे का कुणाचं?"

"पेटीत ठेवली तं मुंबयला जातंय," काकू म्हणाली. "गळ्यात बरी हाय."

आणि मला म्हणाली, "पाय धू बाय, आनि तुजे काकाला पानी दे."